हळदीचे पाच कागद

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या न्हाणीघराबाहेर एकदा नोटीस लागली होती : 'उद्या सकाळी नऊ ते दुपारी तीन दुसरी पिढी आहे. कृपया अंघोळ करू नये.' खाली सरांची सही. रेक्टरबाई ती नोटीस घेऊन तावातावाने प्रिन्सिपॉलांकडे गेल्या. 'मुलींच्या अंघोळीशी या माणसाचा संबंध काय?' हा त्यांचा सवाल. संबंध होता, पण तो त्यांना कुणी समजावून सांगावा? लॅबमधलं एक यंत्र चंबूतली हवा ओढून घ्यायचं आणि ते चालायचं नळाच्या पाण्याच्या जोरावर. हॉस्टेलची आणि लॅबची टाकी एकच. इकडे चाळीस मुलींनी बादल्या लावल्या की तिकडे सरांच्या चंबूतला ओढा कमी व्हायचा. नोटीस निघाली, रेक्टरबाईंचा राग मात्र निघाला नाही. मी त्या दिवशी अंघोळ केली नाही, कारण त्या चंबूपाशी उभं राहायचं काम माझंच होतं.

सांगलीच्या बाहेर, उसाच्या फडांना लागून आमचं फार्मसी कॉलेज होतं. काळ नव्वदीच्या दशकातल्या मधल्या वर्षांचा. मी साताऱ्याची, एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि सर माझे गाइड होते. सगळं कॉलेज त्यांना पाठीमागे 'पिढीवाले सर' म्हणायचं. ते बनवू पाहत होते त्या रेणूचं नाव डेंड्रिमर. नाव अवघड आहे, पण कल्पना साधी. मधे एक कण घ्यायचा, त्याला फांद्या फोडायच्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला पुन्हा दोन, त्या प्रत्येकीला पुन्हा दोन. फांद्यांच्या अशा एकेका थराला पिढी म्हणतात. तीन-चार पिढ्या झाल्या की झाड गोल, दाट होतं आणि त्याच्या पोटात औषध लपवता येतं. वरच्या टोकांना पत्ता चिकटवला की ते औषध शरीरात वाटेल तिथे न सांडता नेमक्या जागी उतरेल, अशी आशा. परदेशात यावर काम चालू होतं. सांगलीत ते एकटे सर करत होते, एक खिळखिळं यंत्र, चार चंबू आणि माझ्यासारखी एक विद्यार्थिनी हाताशी धरून.

हे आम्हाला समजावं म्हणून सरांनी वर्गात फळ्यावर काही काढलं नाही. आम्हा चौघांना एसटीत घालून तासगावच्या एका द्राक्षबागेत नेलं आणि बागायतदाराला म्हणाले, 'जरा छाटणी समजावून सांगा पोरांना.' तो बिचारा चक्रावला. मग रंगात येऊन काडी कुठे तोडायची, डोळे किती ठेवायचे, एका काडीच्या दोन कशा करायच्या, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, 'नको तिथं एक जरी फुटवा ऱ्हायला ना मास्तर, तर त्योच सगळं खातो. मग मांडवाचा इस्कोट.' सर आमच्याकडे वळून म्हणाले, 'लिहून घ्या.' बागायतदाराने विचारलं, 'आवं, पण तुमच्या त्या झाडाला द्राक्षं कवा लागायची?'

'लागतील की,' सर म्हणाले, 'आदी छाटणी तर नीट हू द्या.'

वर्गात सर छापील मराठी आणि त्याहून छापील इंग्रजी बोलत. चंबूपाशी आले की म्हसवडकडचं बोलणं सुटायचं. गाव त्यांचं म्हसवडपासून चार कोसांवर. मुलग्यांना तर गड्या म्हणायचेच, मलाही गड्याच म्हणायचे. 'हळू ओत गड्या, नळ सोडलायस काय?' रसायनं अंधारात ठेवायची असत, तर चंबू गुंडाळायला त्यांनी गावाकडून काळ्या घोंगडीचे तुकडे आणले होते. फ्रिजवर विश्वास नाही म्हणून बर्फाची लादी गोणपाटात बांधून सायकलवरून स्वतः आणायचे. अकरा वाजले की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून भाकरी आणि लसणाची चटणी खायचे, आणि ज्या दिवशी मोजून थेंब टाकायचे असतील त्या दिवशी सकाळपासून कुणाशी हात मिळवायचे नाहीत. 'हात उसना देत न्हाई आज,' म्हणायचे. त्यांचा हात होताच तसा. पिपेटमधून ते थेंब सोडत तेव्हा दोन थेंबांमधलं अंतर घड्याळ लावून बघावं इतकं सारखं असे. आम्ही त्यांच्या घोंगडीला हसायचो, हाताला नाही.

हे सगळं कशापायी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीने. या अक्काला कॅन्सर झाला आणि मिरजेला इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले, तोंड सोलून निघालं, नखं काळी पडली. एके दिवशी अक्काने दोन्ही हात पुढे केले आणि औषधांच्या या मास्तरला विचारलं, 'दुखणं येका जागी आन औषिद समद्या अंगाला. माज्या नखांनी रं काय क्येलं हुतं?'

'मला उत्तर आलं न्हाई गड्या,' सर म्हणाले. 'बी. फार्म.ला पहिला आलो हुतो मी.'

अक्का त्याच वर्षी गेली. चाळिशी उलटल्यावर सरांनी पीएच.डी.ला नाव घातलं ते त्यानंतर. मी त्यांच्याकडे आले तेव्हा मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. तिसरी पिढी शुद्ध मिळाली, तिच्यात कॅन्सरचं औषध भरून दाखवलं, तर काम पुरं. नाहीतर सगळं बंद.

सरांचा खरा जीव होता वहीत. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची वही. तिच्यात खाडाखोड चालायची नाही. एका मुलाने जर्नलमधली चूक पांढऱ्या शाईने लपवली, तर सरांनी ते जर्नल बेसिनमध्ये ठेवून वर नळ सोडला. 'चुकलं तर येक रेघ मारायची,' ते सांगत. 'खालचं वाचता आलं पायजे. शेजारी खरं ल्हियाचं, सही करायची आन तारीख घालायची. तारीख कुठली? चुकलं त्या दिवसाची न्हाई. कबूल क्येलं त्या दिवसाची.' त्याखाली मग ते स्वतः 'तपासले' असं लिहून सही करत.

आणि वहीत हळदीचे कागद. एका पिढीचं काम झालं की चंबूत एक उग्र वासाचं अमाइन भरमसाट उरतं. ते पार काढून टाकावं लागतं, कारण त्याचा अंश जरी राहिला तरी पुढच्या पायरीला तो स्वतःच नवा मूळपुरुष होऊन बसतो आणि त्याची वेगळी भाऊबंदकी सुरू होते. ते काढायला चंबूत दुसरं द्रावण घालायचं, यंत्रावर फिरवून उडवायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा उडवायचं. किती वेळा? तर हळद सांगेल तितक्या वेळा. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहून विकतचे कागद कोण आणतो, असं म्हणून सर बाजारातून हळकुंडं आणत, स्पिरिटमध्ये उतरवत, त्यात टिपकागद बुडवून पट्ट्या कापत. हळदीत चुना कालवला की कुंकवासारखी लाल होते, हे कुणीही सांगेल. अमाइनच्या वाफेनेही तसंच होतं. प्रत्येक फेरीनंतर ओली पट्टी चंबूच्या तोंडाशी धरायची आणि वहीत चिकटवायची. लाल, विटकरी, मग नारिंगी, आणि शेवटी पिवळीच राहिली की काम झालं. बहुधा बाराव्या फेरीला पिवळी मिळायची.

दुसऱ्या पिढीच्या त्या दिवशी सर नेमके परीक्षेच्या कामाला कोल्हापूरला गेले होते. नोटीस लावून, चंबू माझ्या हवाली करून. जाताना म्हणाले, 'हळद म्हणंल तवा थांब. आपल्या मनानं न्हाई.'

माझं मन साताऱ्याला होतं. संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा पुण्यात इंजिनिअर. आईने दोनदा फोन करून बजावलं होतं की दीडच्या गाडीने निघालीच पाहिजेस. सात फेऱ्या झाल्या तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सातवी पट्टी विटकरी आली. अजून पाच फेऱ्या म्हणजे दोन तास तरी. मी घड्याळाकडे बघितलं, चंबूकडे बघितलं. मग पाच कोऱ्या पट्ट्या घेतल्या, नळाच्या पाण्याने ओल्या केल्या, एकीखाली एक चिकटवल्या, शेजारी वेळा लिहिल्या. इतकंही भान होतं मला की पाचही वेळा वेगवेगळ्या आणि शंका येणार नाही अशा अंतराने लिहिल्या. चंबूतलं सगळं दोन बाटल्यांत सारखं ओतलं, घोंगडीत गुंडाळलं आणि धावत स्टँड गाठला.

पाहुणे त्या दिवशी आलेच नाहीत. त्यांच्याकडे कुणाला तरी ताप आला होता. मी नेसलेली पैठणी घडी करून परत कपाटात ठेवली.

सोमवारी सरांनी वही उघडली. पाच पिवळे कागद बघून खूश झाले. 'व्वा गड्या, नितळ निघाली की!' म्हणाले. तेव्हा तोंड उघडलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याची धार गेली असेल असं वाटतं. जात नाही. त्या सकाळी सरांचा चेहरा इतका फुलला होता, आणि मी विचार केला की थोडंसं राहिलं असलं तरी पुढे जाईल धुऊन. खरं कारण साधं होतं. मला भीती वाटली.

एका बाटलीपासून सरांनी तिसरी पिढी केली. नमुना पुण्याला एका ओळखीच्या लॅबमध्ये गेला. तिथे अशी तपासणी उपकारादाखल होत असे, त्यामुळे पाठवायची ती नेमकीच. महिन्याभराने अहवाल आला. एका मापाचे रेणू हवे होते, निघाली लहानमोठ्यांची खिचडी. सरांनी तो कागद जिन्यावर बसून वाचला. भाकरीचा डबा तसाच बंद राहिला.

मग त्यांनी दुसरी बाटली काढली. ते आठ दिवस मला आठवतात. माणूस देवपूजेलाही इतका जपून बसत नाही. थेंब टाकताना ते श्वास रोखून धरत. मी शेजारी बर्फ धरून उभी. बाटलीत काय आहे हे मला माहीत होतं आणि मी बर्फ धरून उभी होते. माझ्या आयुष्यातली चूक म्हणाल तर ती पाच कागदांची नाही, ती या आठ दिवसांची आहे.

दुसरा अहवालही खिचडीचाच आला. मी भीत भीत सुचवलं, 'सर, दुसऱ्या पिढीचाच नमुना एकदा तपासायला पाठवायचा का?' स्वतः न बोलता पुण्याच्या यंत्राकडून वदवून घ्यायचा माझा डाव.

सरांनी मान हलवली. 'कशाला? दुसरी पिढी नितळ हाय. वहीत कागद हायेत की तुजे.' मग उजवा हात वर धरून उलटा-सुलटा बघितला. 'दोनदा त्येच चुकलं म्हंजी माल चांगला हाय, हात ग्येला. वय झालं, दुसरं काय.'

सत्तेचाळीस वर्षांचे होते ते.

मुदत संपली. माझा प्रबंध पहिल्या पिढीच्या कामावर निभावला. तोंडी परीक्षेत सरांनी बाहेरच्या परीक्षकांपुढे माझं कौतुक केलं, 'नोंदी अतिशय चोख,' असं म्हणाले. मी मान खाली घातली, तर परीक्षकांना वाटलं मुलगी विनयशील आहे. पुढच्या वर्षी सर नोकरी सोडून गावाकडे गेले. निरोपसमारंभाला मी गेले नाही. एका मैत्रिणीने सांगितलं की सरांनी भाषण केलं नाही, नुसते सगळ्यांच्या पाया पडल्यासारखे हात जोडत फिरले, पण हात कुणाशी मिळवला नाही.

मला साताऱ्यात एका औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली, तपासणी विभागात. दुसऱ्यांच्या नोंदी तपासायच्या आणि खोटं शोधून काढायचं. दैवाला विनोदाची खोड आहे म्हणतात ती अशी. लग्नही झालं, भलत्याच पाहुण्यांशी. दशक संपत आलं होतं तेव्हा कारखान्यात एक व्याख्याते आले. औषध नेमक्या जागी पोचवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर बोलले, आणि मग पडद्यावर ते चित्र आलं. मधे कण, दोन फांद्या, चार फांद्या, आठ. 'हे भविष्य आहे,' ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या चित्रावर घोंगडीचा तुकडा दिसत होता. त्या रविवारी मी म्हसवडची गाडी धरली.

म्हसवडहून पुढे जीप. घर सापडायला वेळ लागला नाही, 'मास्तरांचं घर' म्हटल्यावर एका म्हातारीने काठीनेच दाखवलं. सर ओसरीवर बसले होते. केस पांढरे झाले होते, बाकी तेच. समोर दहा-वीस डाळिंबाची झाडं. मला ओळखून एकदम उठले. 'आगं गड्या, तू! ये, ये.' आत बघून हाक मारली, 'आवो, साताऱ्याची पोरगी आलीया, च्या टाका.'

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. माझा कप काठोकाठ, सरांचा अर्धा. मी बघते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. 'भरून दिऊ नका म्हंत्यात,' त्या म्हणाल्या. 'हात कापतो म्हनं. झाडंबी गडी लावूनच छाटून घेत्यात. मला तर कवा कापताना दिसला न्हाई बाई.'

'तुमाला काय कळतंय त्यातलं,' सर म्हणाले.

मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. एकदा सुरू केल्यावर थांबले नाही. पाहुणे, दीडची गाडी, नळाचं पाणी, पाच पट्ट्या. दुसरी बाटली आणि बर्फ. माफ करा हा शब्द तोंडात तयार होता, पण तो टाकला असता तर सगळं स्वस्त झालं असतं असं वाटलं, म्हणून गिळला. काकू दारात तशाच उभ्या राहिल्या.

सरांनीही कप खाली ठेवला. मग विचारलं, 'कितव्या फेरीला थांबलीस?'

'सातव्या.'

'रंग?'

'विटकरी.'

'म्हंजी पाच फेऱ्या.' त्यांनी हिशेब मनात केला असावा, ओठ हलले. 'ती दुसरी बाटली तशीच हुती तवा. परत फिरवली असती. येका दुपारचं काम हुतं गड्या.' आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. 'येका दुपारचं.'

ते उठून आत गेले. मला वाटलं आता बाहेर येणार नाहीत. आले ते लाल पाठीची वही घेऊन. पान शोधायला लागलंच नाही, वही आपोआप तिथे उघडली. सात पट्ट्या लाल ते विटकरी अशा उतरत आलेल्या, आणि खाली माझे पाच पिवळे कागद. सरांनी खिशातलं पेन पुढे केलं. 'ल्ही.'

मी पाचही कागदांवरून एक रेघ मारली. शेजारी लिहिलं : 'या पाच फेऱ्या केलेल्या नाहीत. कागद कोरे, नळाच्या पाण्याने भिजवलेले.' सही केली. पेन परत देऊ लागले, तर ते म्हणाले, 'तारीख?'

मी घातली. त्या दिवसाची. वरच्या कोपऱ्यात पानाची जुनी तारीख होती आणि खाली ही. मधली वर्षं मी मोजली नाहीत, मला पाठच होती.

मग सरांनी पेन घेतलं, खाली 'तपासले' असं लिहिलं आणि सही केली. वहीवर वाकून ती सही कितीतरी वेळ बघत राहिले. अक्षर जुनंच होतं, टाकाने कोरल्यासारखं. एकही रेघ हललेली नव्हती.

'आवो,' त्यांनी काकूंना हाक मारली, त्या दोन हातांच्या अंतरावरच उभ्या होत्या तरी. 'हात बरा हाय की माजा.'

'मग मी काय येगळं सांगत हुते व्हय येवडी वर्सं?' असं म्हणून काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सरांनी पान उलटलं. पुढची पानं कोरी होती, जवळजवळ निम्मी वही. त्यांनी ती अंगठ्याने फरफर सोडली आणि वही मिटली. मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी रडत होते, त्याकडेही त्यांनी बघितलं नाही. उन्हाकडे बघून म्हणाले, 'दीड वाजत आला. म्हसवडातनं साताऱ्याची गाडी असंल. जा गड्या, गाडी चुकंल तुजी.'

टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. खरंच माझी गाडी चुकू नये म्हणूनच म्हणाले ते.

म्हसवडच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी उभी होती. कंडक्टरने दोनदा विचारलं. मी ती गाडी जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली. बाकावर बसून राहिले, पाच फेऱ्यांना लागला असता तेवढा वेळ.